शून्याची पेटी

थोरली काय काम करते असं कुणी विचारलं, की तिच्याआधी तिची आईच उत्तर द्यायची, "लोकांचा गू चिवडते." पाहुणे हसायचे, आईही हसायची, आणि हसता हसता थोरलीच्या पुढ्यातला कप उचलून बाकीच्या कपांपासून लांब, मोरीच्या कडेला ठेवायची.

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं, आणि अर्धं खरं हे पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त झोंबतं. थोरली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. माणसाच्या आतड्यात जे अब्जावधी जीव राहतात, त्यांची ती शिरगणती करायची. कोण जन्मापासून आहे, कोण मागाहून आला, कोण कशाने मेला, कोण कुणाच्या आधाराने तगून आहे. देवाने माणूस एकटा नाही पाठवला, पोटात अख्खं गाव वसवून पाठवला, असं ती एकदा आईला समजावायला गेली होती. देवाचं नाव काढलं तर आई ऐकेल, असा तिचा अंदाज. आई म्हणाली, "देवाला मध्ये घेऊ नकोस. आधी हात धू."

थोरलीला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, चारचौघांत, आईने म्हणावं की माझी ही पोरगीही काहीतरी करते. बस, एवढंच. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हापासून ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि सत्तेचाळिसावं लागलं तरी बघत होती.

धाकटी बहीण तिच्याहून सहा वर्षांनी लहान. नाकीडोळी नीटस, बोलायला साखर. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आठवड्यातून एकदा आईकडे येऊन तासभर बसायची. तेवढ्या तासाने आईचा आठवडा निघायचा. आईची औषधं, आईचे दाखले, गळका नळ, गच्चीची चावी, सगळं थोरलीच्या गळ्यात, पण धाकटी आली की आई म्हणायची, "आली माझी! आता कसं घरात घर वाटतंय." राबणारा हात दिसत नाही, टाळी वाजवणारा दिसतो. घरोघरी मातीच्या चुली.

लग्नाचंही तेच झालं. थोरलीला दोनदा बघून गेले. पहिल्यांना ती सावळी वाटली. दुसऱ्यांचं जमत आलं होतं, मुलाची आई पाणी पिण्यापूर्वी सहज म्हणाली, "नोकरीत नेमकं काय असतं तुमच्या?" थोरली खरं बोलली. त्या बाईने पाण्याचा पेला तसाच भरलेला खाली ठेवला. ती माणसं गेल्यावर आई पेला उचलता उचलता म्हणाली, "खाल्लं ना तुझ्या डब्यांनी तुझं लग्न?" पुन्हा तो विषय निघाला नाही. थोरलीने काढला नाही आणि आईने तर दार लावूनच टाकलं.

प्रयोगशाळा म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत टेबलं, कागद आणि प्रयोगशाळाप्रमुख सरांची खुर्ची. दुसऱ्या खोलीत एक भलीमोठी काचेची पेटी होती, आतल्या हवेतला प्राणवायू काढून घेतलेला, कारण आतड्यातले हे जीव प्राणवायू लागला की मरतात. पेटीच्या भिंतीला दोन लांबलचक रबरी हातमोजे शिवलेले. त्यांत कोपरापर्यंत हात घालून, बाहेर उभं राहून, आत काम करायचं. तासभर तसं उभं राहिलं की खांदे उतरून यायचे. तिसऱ्या खोलीत शीतकपाट. पाण्याचा बर्फ त्याच्यापुढे कोमट म्हणावा, असं उणे ऐंशी अंशांचं. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर ते असं किंचाळायचं, की खालच्या मजल्यावरून माणसं ओरडायची, "अरे, दूध पाजा कोणीतरी त्याला!"

इथे एक रीत होती. नवा माणूस रुजू झाला की सर त्याच्या हातात झाकणाचा पांढरा डबा द्यायचे. "जन्मभर दुसऱ्यांचं मागायचंय ना? मग आधी स्वतःचं द्या. लाज इथेच सोडायची." त्या पहिल्या दिवसाच्या मालात, गोठताना जीव मरू नयेत म्हणून, ग्लिसरीन घालून तो पंचवीस छोट्या नळ्यांत भरायचा, नळ्या एका पेटीत, आणि पेटीवर माणसाचा नंबर व पुढे शून्य. ती त्याची शून्याची पेटी. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढचा नमुना. माणूस म्हातारा होतो तसं त्याच्या पोटातलं गावही म्हातारं होतं का, तारुण्यातले रहिवासी टिकतात की उठून जातात, हे सरांना बघायचं होतं. दोन-चार वर्षांत काही कळणार नव्हतं. आयुष्यच द्यावं लागणार होतं.

नऊ जणांनी सुरुवात केली. दोघांनी वर्षभरात नोकरी सोडली. एक वारला. तिघींनी बाळंतपणात नमुने चुकवले आणि परत आल्याच नाहीत. बाकीचे कंटाळले. एकट्या थोरलीने चोवीस वर्षं एकही पहिली तारीख चुकवली नाही. तापात नाही, वडील गेले त्या महिन्यात नाही. दोनशे सत्त्याऐंशी नमुने आणि त्यांच्या मुळाशी ती शून्याची पेटी. जगात इतकी लांब अखंड साखळी दुसऱ्या कुणाची नसेल, असं सर म्हणायचे. आता नवं यंत्र आलं होतं. तेविसाव्या वर्षीचे जीव आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीचे जीव शेजारी शेजारी जिवंत वाढवून बघायचे, की शोधनिबंध पुरा. "मॅडम," सर म्हणाले, "पहिलं नाव तुमचं." थोरलीने मनात तो निबंध छापून, चौकटीत घालून, आईच्या खोलीत लावूनही टाकला होता.

आणि तेव्हाच आईचं वर्षभराचं दुखणं हाताबाहेर गेलं.

सुरुवात साधीच होती. लघवीला जळजळ. डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या, बरं वाटलं नाही म्हणून आणखी जालीम दिल्या. जळजळ थांबली, पण गोळ्यांनी पोटातलं वाईटाबरोबर चांगलंही सगळं मारून टाकलं, आणि मोकळ्या पडलेल्या गावात एक हट्टी जंतू एकटाच राजा होऊन बसला. जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा, पंधरा, वीस. औषध दिलं की थांबायचे, औषध संपलं की दुप्पट. वर्षात तीनदा असं झालं. बाई अडतीस किलोवर आली. चादरीखाली कुणी झोपलंय की चादर नुसती चुरगळली आहे, हे जवळ जाऊन बघावं लागे.

सगळं थोरलीच करायची. उचलायची, धुवायची, पुसायची, चादरी उकळायची. धाकटी दारातूनच "कशी आहेस गं आई?" विचारायची, नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी, पाणी कशाने येत होतं ते देवालाच ठाऊक. एकदा थोरली आईला पुसत असताना आई क्षीण आवाजात म्हणाली, "तिला नाही गं सोसत हे. तुझं काय, तुझं रोजचंच."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हे.

शेवटी डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मी काय सांगू? तुमचाच विषय. धडधाकट माणसाचा मल घेऊन, गाळून, नळीने यांच्या आतड्यात सोडायचा. दुसरा उपाय उरला नाही. आणि वेळही फार नाही."

थोरलीने आईला तिच्या भाषेत सांगितलं. "आई, दूध नासलं की आपण भांडं टाकून देतो का? घासतो, नवं दूध घेतो आणि चांगल्या घरचं विरजण लावतो. तसंच आहे हे. तुझ्या पोटाला चांगलं विरजण लावायचं."

आईने नजर छतावरून खाली आणली. मग म्हणाली, "कुणाचं?"

"बघू. तपासून जो निरोगी निघेल त्याचं."

"परक्याचं मी घेणार नाही. मेले तरी चालेल."

"मग माझं—"

"तुझं?" त्या अडतीस किलोत एकदम कुठून जोर आला कोण जाणे. "दिवसभर गावभरच्या घाणीत हात असतात तुझे. तुझ्या पोटात काय काय भरलं असेल! धाकटीचं घ्या. तिचं असेल तर घेईन. नाहीतर मला सरळ देवाच्या नावावर सोडून द्या."

धाकटी तिथेच होती. तिने आईचा हात हातात घेतला. "हे काय विचारणं झालं, आई? तुझ्यासाठी जीव देईन, मग हे काय!" आईच्या डोळ्यांतून धारा. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईने सुद्धा डोळे पुसले.

जिन्यात आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी नाही हं देणार."

"काय?"

"शी! काहीतरीच काय. डबा घेऊन बसमध्ये चढू का मी? आणि ह्यांना कळलं तर? सासूबाईंना? जन्मभर चिडवतील."

"अगं, आई मरेल."

"मरेल काय? तुझ्या त्या कपाटात एवढं भरून ठेवलंय, त्यातलं घाल की कुणाचं तरी. तिला सांग माझं आहे. ती काय चव घेऊन बघणार आहे?" आणि आपल्याच विनोदाला ती फुस्सकन हसली. मग थोरलीचा चेहरा बघून पिशवी सावरत जिना उतरून गेली.

इस्पितळाच्या यादीत दाते दोनच होते. एक दाढेसाठी तसल्याच जालीम गोळ्या घेत होता, दुसऱ्याच्या रक्तात काविळीचा दोष निघाला. नवा माणूस शोधून, त्याच्या सगळ्या तपासण्या व्हायला महिना लागणार होता. आईकडे महिना नव्हता. थोरलीने गुपचूप स्वतःचा नमुना तपासायला दिला. निकाल आला: कुठल्याच औषधाला दाद न देणारा एक जंतू तिच्या आतड्यात ठाण मांडून होता. इस्पितळाच्या आवारात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत असतो तो. तिला त्रास नव्हता, पण आईला दिला असता तर चार दिवसांत खेळ खलास. म्हणजे आई जे रागाच्या भरात बोलली होती, ते कागदावर, सहीशिक्क्यानिशी, खरं निघालं होतं. देव कधीकधी कुणाच्या तोंडून बोलेल, नेम नाही.

ती कागद घेऊन तिसऱ्या खोलीत गेली. शीतकपाटासमोर उभी राहिली. तेविसाव्या वर्षी ती निरोगी होती. औषधं नाहीत, आजार नाही, इस्पितळाचा वारा लागलेला नाही. ती तेवीस वर्षांची पोरगी अजून आत होती, पंचवीस नळ्यांत, जशीच्या तशी.

कायद्याने ती पेटी तिची नव्हती, प्रयोगशाळेची होती. सर परदेशी परिषदेला गेले होते; त्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने विचारलं नाही.

एक नळी तपासणीला गेली. दहा दिवस आई सलाइनवर तगली. निकाल स्वच्छ आला. थोरलीचं रक्तही स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, "चोवीस वर्षं जुनं? जिवंत आहेत का पण?" थोरलीने काचेच्या पेटीत जीव वाढवलेल्या बश्या दाखवल्या. ठिपक्याठिपक्यांनी भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, "देणाऱ्याचं नाव?" ती म्हणाली, "कागदावर नंबर घालतात ना? शून्य लिहा."

बावीस नळ्या डॉक्टरांना लागल्या. दोन तिने मागे ठेवल्या. दोन पुरल्या असत्या निबंधाला. ओढाताण झाली असती, पण साखळी तुटली नसती. त्या दोन नळ्या, ऐनवेळी कमी पडलंच तर हाताशी असाव्यात म्हणून, तिने थर्माकोलच्या डब्यात सुक्या बर्फात ठेवल्या, डबा आईच्या खाटेखाली सरकवला, आणि उपचार झाल्याबरोबर वर नेऊन ठेवू म्हणाली.

आईला धाकटीचं म्हणूनच सांगितलं. उपचार झाला. आईचा रक्तदाब घसरला. सगळे धावले. थोरली खाटेच्या पायाशी दोन दिवस बसून राहिली, तोंडात देवाचं नाव आणि डोळे मॉनिटरवर. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा. थोरली आनंदाने पेज आणायला म्हणून वाकली, चपला शोधायला, आणि तिला खाटेखालचा डबा दिसला.

सुका बर्फ वितळून पाणी होत नाही, तो हवा होऊन जातो. मागे काही सांगायला राहत नाही. डबा कोरडा आणि कोमट. नळ्यांची झाकणं उडालेली.

चोवीस वर्षांत अशी चूक तिने एकदाच पाहिली होती. एका नव्या बाईने लंचला जाताना नळ्या बाहेर ठेवल्या होत्या. थोरलीने सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं, "तुम्ही भाजी विका, बाई. ती शिळी झाली तरी विकता येते." त्या बाईने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला होता. तेव्हा थोरलीला आपण फार कर्तव्यकठोर वाटलो होतो.

सर परत आले तेव्हा तिने स्वतःच जाऊन सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत बसले.

"चोवीस वर्षांचा जिना," ते म्हणाले. "आणि खालची पायरीच नाही."

"सर, माझी आई होती."

"हो ना. छान केलंत. मग निबंधही आईवरच लिहा. शाळेत असतो ना, माझी आई?"

पुढच्या महिन्यात शीतकपाटात जागा हवी म्हणून तिचे नमुने काढायचा हुकूम निघाला. मुळाशिवाय ते कुणाच्या उपयोगाचे नव्हते. तिनेच काढायचे होते. रजिस्टरला तिची सही होती. दोनशे सत्त्याऐंशी नमुने तिने वाफेच्या मोठ्या भांड्यात घातले, झाकण आवळलं आणि शिट्टी होईपर्यंत शेजारी उभी राहिली. चोवीस वर्षं थंडीत मुकी राहिलेली घाण वाफेबरोबर एकदम बोलायला लागली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी आपटली, "काय मेलंय का वर?" मग तिची बदली झाली, खाली इस्पितळात, मलदात्यांच्या तपासणी विभागात. संशोधन संपलं. आता ती डबे घ्यायची, तपासायची, शिक्का मारायची.

पण आई बरी झाली होती. अशी बरी झाली, की अडतीसची बावन्न किलो झाली, गालांवर लाली आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची. थोरली चहा घेऊन येत असायची आणि आई सांगत असायची, "मला दुसरा जन्म दिला तो माझ्या धाकटीने. पोटचं पोटाला कामाला आलं." धाकटी मान खाली घालून, लाजल्यासारखी हसायची. पहिल्या वेळी तिने थोरलीकडे एकदा चोरून बघितलं होतं. दुसऱ्या वेळेपासून तेही सोडलं. सहा महिन्यांनी तर तिला खरंच तसं वाटू लागलं असावं, कारण ती शेजारणीला सांगताना थोरलीने ऐकलं, "थोडा अशक्तपणा येतो हो देणाऱ्यालाही. पण आईपुढे काय!"

आईला तर सगळीकडे धाकटीच दिसायला लागली. पूर्वी तिला आंबट चालायचं नाही, आता आवडायला लागलं, "बघ, धाकटीची जीभ आली मला!" झोप गाढ लागायची, "धाकटी अशीच झोपते, नगारे वाजवा." केस जरा दाट वाटले, तेही धाकटीचेच. आंबट कुणाला आवडायचं? लहानपणी चिंचेची गोळी चोरल्याबद्दल मार कुणी खाल्ला होता? थोरली चहाचे कप गोळा करायची. तोंडापर्यंत आलेलं गिळायची. आई जिवंत आहे ना, मग झालं, असं देवाला सांगायची. देवाला सांगितलं म्हणजे खरं होतं, असं थोडंच आहे.

अशी तीन वर्षं गेली.

मग धाकटीच्या नवऱ्याची बदली दूरच्या शहरी झाली. निघायच्या आदल्या दिवशी धाकटी निरोप घ्यायला आली. आई तिला सोडेना. रडून रडून डोळे सुजले. मग एकाएकी काहीतरी सुचल्यासारखी ती थोरलीकडे वळली.

"अगं ए, ऐक. ही चालली. मला पुन्हा तसं झालं तर मी काय करू? हिचं थोडं घेऊन ठेव ना तुझ्या त्या कपाटात. नाव घालून ठेव म्हणजे दुसऱ्याशी मिसळायचं नाही. तेवढं तरी काम कर माझं."



धाकटी म्हणाली, "हो ना ताई. ठेव की." आणि वर, आई बघत नाही असं बघून, तिने डोळा मारला.

त्या डोळ्याने केलं जे केलं. नाहीतर थोरली मरेपर्यंत बोलली नसती.

"कपाटात काही नाही, आई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दूध संपलं सांगावं तसा. "जे होतं ते सगळं तुझ्यात गेलं. तेवीस वर्षांची होते तेव्हाचं. हिने जिन्यात नाही म्हटलं होतं. शी म्हणाली होती. तुझ्या पोटात आहे ना, ते माझं आहे."

 धाकटी म्हणाली, "ताई, काहीतरीच काय बोलतेस? जायच्या वेळी?" पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि आई चेहरे वाचण्यात कच्ची नव्हती.

आईने आधी धाकटीकडे बघितलं. मग स्वतःच्या पोटाकडे. मग हळूहळू उठली, मोरीत गेली आणि चूळ भरली. एक, दोन, पाच, दहा. उपचार खालून नळीने झाला होता आणि त्याला तीन वर्षं उलटली होती, तरी ती चुळा भरतच राहिली. बाहेर आली तेव्हा हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"मग तेव्हाच मरू द्यायचं होतंस," ती थोरलीला म्हणाली.

धाकटीला ती रागाचं काही बोलली नाही. उलट दारापर्यंत पोचवायला गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला नाही गं जमत अशी घाण. मला माहीत आहे," म्हणाली. धाकटी गेली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी थोरली आईची गादी झटकत असताना उशीखालून गोळ्यांची पाकिटं पडली. तीन रिकामी, चौथं अर्धं. तीच गोळी. जिने सगळं सुरू केलं होतं ती. आईने औषधवाल्याला जळजळ होते म्हणून सांगितलं होतं, जुना कागद दाखवला होता, आणि दिवसाला दोनऐवजी सहा खाल्ल्या होत्या.

"काय केलंस हे?" थोरली पाकिटं उलटीपालटी करत म्हणाली. "आई, काय केलंस?"

"धुऊन काढतेय," आई म्हणाली. शांतपणे, भांडं घासावं तसं. "तूच म्हणाली होतीस ना, या गोळ्यांनी सगळं मरतं?"

थोरलीच म्हणाली होती. चांगलं समजावून सांगितलं होतं तिने.

आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. तोच जंतू. उचलणं, धुणं, चादरी उकळणं, सगळं पुन्हा तेच. फोनवर धाकटी रडली. इतक्या लांबून येणं कसं जमणार, म्हणाली. थोरलीने आईला इस्पितळात आणलं.

मधल्या तीन वर्षांत तिथे सुधारणा झाली होती. आता नळी नको, दात्यांचा साठा कॅप्सूलमध्ये भरलेला तयार असायचा. तपासणी थोरलीच्याच विभागात होत असे, पण तिचं स्वतःचं कधी घेत नसत. तिच्या नावापुढे त्या जंतूचा शेरा कायमचा होता. नर्सबाईंनी ट्रेमधून तीस कॅप्सूल आणल्या, पाण्याचा तांब्या ठेवला, कागदावर आईचा अंगठा घेतला. आईला सही येत होती, पण बोटांत पेन धरायची ताकद नव्हती.

आईने एक कॅप्सूल उचलून उजेडात धरली. "कुणाचं आहे?"

नर्सबाई म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, आजी. नियम आहे. परका माणूस असतो कोणीतरी."

आईने मान वळवून थोरलीकडे बघितलं. खूप दिवसांनी सरळ डोळ्यांत.

"तुझं नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आई. माझं चालत नाही."

"मग कुणाचं का असेना," आई म्हणाली, आणि गिळायला लागली. दहाव्या कॅप्सूलला ठसका लागला तेव्हा थोरली पाणी घेऊन पुढे झाली. आईने तिचा हात बाजूला सारला आणि नर्सबाईंना म्हणाली, "तुम्ही द्या हो." नर्सबाईंनी पेला भरला. थोरली खाटेच्या पायाशी उभी राहून मोजत राहिली. तीस पुऱ्या झाल्या तेव्हा तिने तक्त्यावर वेळ लिहिली, रकान्यात शिक्का मारला आणि पुढच्या दात्याचा डबा घ्यायला गेली.